आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : जीव वाचला, पुढच्या अडीच वर्षांचं काय?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

मी एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. अडीच वर्षांपूर्वी तालुक्याच्या मीटिंगहून परतताना पिकअपने आमच्या स्कूटीला उडवलं आणि माझं पेल्व्हिस, म्हणजे ओटीपोटाभोवतीचं हाडांचं कडं, दोन जागी मोडलं. बांगडी एकाच जागी फुटत नाही, तसंच हे, असं सर्जननी समजावलं. १०८ची गाडी वेळेत आली, रक्त मिळालं, महात्मा फुले योजनेतून प्लेट बसली. त्याबद्दल मनापासून आभार मानते.

तक्रार त्यापुढची आहे. डिस्चार्ज कार्डावर शेवटी लिहिलं होतं, 'तीन महिने पाय टेकू नये. नंतर फिजिओथेरपी.' कुठे, कोणाकडे, किती दिवस, काहीच नाही. आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट नाही. जिल्ह्याचं गाव ५५ किलोमीटर. एसटीची पहिली पायरी चढायला पाय उचलत नव्हता, आणि तो उचलायला शिकायचं तर एसटीनेच जायचं. खाजगीत एका वेळचे ३०० रुपये. आठ वेळा गेले, मग पैसे संपले.

आज मी चालते, म्हणून लोक म्हणतात, बरी झालीस. पण उकिडवं बसता येत नाही. मधोमध भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची संडासात ठेवून वर्ष काढलं. अंगणवाडीत मुलं सतरंजीवर, मी स्टुलावर. रडणारं पोर उचलायला वाकवत नाही. लिहायला संकोच वाटतो, तरी लिहिते : शिंक आली, खोकला आला की लघवी होते. या हाडांच्या आतच मूत्राशय आणि त्याच्या नसा असतात, मार बसला की असं होऊ शकतं, हे मला १४ महिन्यांनी एका नर्सताईंनी सांगितलं. तोवर हा माझाच काही दोष असं वाटून मी कोणाशी बोलले नव्हते. नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल तर आजतागायत कोणी विचारलेलं नाही. पुरुषांनाही हे त्रास होतात, ते कोणाला सांगत असतील?

अपंगत्वाच्या दाखल्यावर २८ टक्के आले. सवलतींना ४० लागतात.

केंद्राने २०२५मध्ये अपघातग्रस्तांसाठी दीड लाखापर्यंतच्या कॅशलेस उपचारांची योजना आणली. चांगली योजना आहे, पण ती पहिल्या सात दिवसांची. सातव्या दिवशी मला कुशीवरही वळता येत नव्हतं.

साहेब, तालुक्याच्या रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस तरी फिजिओथेरपिस्ट बसवा. वॉकर आणि कमोडची खुर्ची परतीच्या बोलीवर द्या. आशाताईंना साधे व्यायाम शिकवा. बाळंतिणीकडे जातात तशा त्या आमच्याकडेही येतील, मात्र त्याचा मोबदला त्यांना मिळू द्या. फेरतपासणीला डॉक्टरांनी लघवी, संडास, संसार याबद्दल आपणहून विचारावं. आणि टाके काढायची तारीख कार्डावर लिहून देतात, तशीच फिजिओथेरपीची तारीख आणि जागाही लिहून मिळावी.

आपली नम्र,
एक अंगणवाडी सेविका