पडलेले झाड कापण्याआधी त्याचे वजन काढा

संपादक महोदय,

पावसाळ्यात झाड पडले की बातमी येते ती वाहतूक किती वेळ खोळंबली याची. ते झाड हलवताना माणसे कशी जायबंदी होतात, याबद्दल फारसे कुठे लिहून येत नाही. क्रेन, रिगिंग (भार बांधून उचलण्याचे काम) आणि झाडकामात असलेल्या आम्हा काही वाचकांची म्हणून ही मागणी : महापालिका आणि नगरपालिकांनी झाडे हटवण्याच्या निविदेत कामाची पद्धत लिहावी. फक्त दर लिहून भागणार नाही.

उभ्या झाडापेक्षा पडलेले झाड कापणे अवघड असते. उभ्या झाडाचा भार कुठे आहे ते डोळ्यांना दिसते. कुंपणाच्या भिंतीवर, गाडीच्या टपावर किंवा दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात अडकलेले खोड मात्र धनुष्यासारखे वाकलेले असते. त्याच्या एका बाजूला ताण असतो, दुसऱ्या बाजूला दाब. दोन टोकांवर टेकलेल्या खोडाची वरची बाजू दबलेली आणि खालची ताणलेली असते. एकच टोक अधांतरी असेल तर नेमके उलटे. आधी दाबाच्या बाजूने साधारण एक तृतीयांश काप घ्यायचा आणि मग ताणाच्या बाजूने हळूहळू आत जायचे. ताणाकडून सुरुवात केली की खोड उभे चिरते. दाबाच्या बाजूने जास्त आत गेलात तर काप मिटतो आणि करवतीची पट्टी आत अडकते. काप रुंदावतो आहे की मिटतो आहे, यावर कापणाऱ्याची नजर सतत हवी. खोड आडवे वाकलेले असेल तर उभे राहायचे ते आतल्या, म्हणजे दाबाच्या बाजूला. सुटलेले लाकूड बाहेरच्या बाजूला झेपावते.

सर्वांत जास्त घात होतो तो फांद्या छाटताना. पडलेल्या झाडाच्या खालच्या फांद्या बहुधा त्याचे पाय असतात. पसारा कमी करायचा म्हणून कोणी वाकून त्यातली एक तोडतो आणि काही टनांचे खोड त्याच्याकडेच लोळते. म्हणून वरच्या मोकळ्या फांद्या आधी काढाव्यात. टेकू देणाऱ्या फांद्यांना खोडाला उचलण्याचा पट्टा बसून क्रेनने भार घेईपर्यंत हात लावू नये.

मुळांचा गड्डा हा दुसरा सापळा. उन्मळून पडलेल्या झाडाचा गड्डा जमिनीतून उभा उचकटलेला असतो आणि त्याला तसे धरून ठेवते ते खोडाचे वजन. खोड कापले की गड्डा धाडकन परत खड्ड्यात बसू शकतो. त्या वेळी खड्ड्यात कोणी असेल तर वाचवायला वेळ मिळत नाही. कापण्याआधी गड्डा साखळीने मागे बांधावा किंवा जेसीबीची बकेट त्याला टेकवून धरावी. याच मुळांत पाण्याची लाइन, गॅसची पाइप आणि वीज-केबल गुंतलेली असते. शिवाय मातीसकट गड्डा उचलायचा तर ओली माती घनमीटरला दीड ते दोन टन भरते. आधी माती झाडून घ्यावी, मग हूक लावावा.

आता वजनाबद्दल. ओले लाकूड ढोबळ हिशेबात घनमीटरला एक टन धरावे. टेपने खोडाचा घेर मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, साडेबाराने भागा आणि लांबीने गुणा. घेर 2 मीटर, तुकडा 3 मीटर लांब : साधारण 0.96 घनमीटर, म्हणजे जवळपास एक टन. घेर 3 मीटर झाला की तेवढ्याच लांबीचा तुकडा दोन टनांच्या वर जातो. घेर दीडपट, वजन सव्वादोनपट. आपल्याकडच्या जुन्या पर्जन्यवृक्षांचा घेर यापेक्षाही मोठा असतो. डोळ्यांनी अंदाज बांधणारा इथेच फसतो.

हा आकडा हाती असल्याशिवाय क्रेन मागवण्याला अर्थ नाही. 14 टनांची हायड्रा (भार लटकवून चालणारी क्रेन) 14 टन उचलते ती बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, आखडलेला आणि भार अगदी जवळ असताना. बूम पूर्ण बाहेर काढला की क्षमता दोनेक टनांवर येऊ शकते. केबिनमधला लोडचार्ट (किती अंतरावर किती भार उचलता येतो त्याचा तक्ता) वाचून, हूक प्रत्यक्षात किती मीटरवर जाणार आहे ते मोजूनच तुकड्याची लांबी ठरवावी. भिंतीपलीकडून किंवा छपरावरून झाड उचलायचे असेल तर हायड्राचा हट्ट सोडून जॅकवर (बाजूला पसरणाऱ्या टेकूच्या पायांवर) उभी राहणारी, बूम फिरवता येणारी क्रेन घ्यावी. हायड्रा भार लटकवून चालते, वळताना भार झोका घेतो आणि तो हाताने आवरायला खलाशी, म्हणजे भार बांधणारा मदतनीस, बूमशेजारून चालत असतो. हे दृश्य कोणत्याही शहरात दिसेल. ते थांबलेच पाहिजे. तुकड्याच्या टोकाला लांब दोर बांधून दुरूनच तो आवरता येतो.

जॅकखालची जमीनही तपासावी लागते. एका जॅकवर दहा टन आले आणि त्याचा पाय 30 सेंमी चौरस असला, तर जमिनीवर चौरस मीटरला 110 टनांहून जास्त दाब येतो. एक मीटर चौरस भक्कम फळी घातली की तोच दाब दहा टनांवर येतो. पावसाने भिजलेला भराव, फुटपाथखालची गटारे, चेंबरची झाकणे या ठिकाणी जॅक टेकवूच नये.

पट्ट्यांचे रंग क्षमता सांगतात : हिरवा दोन टन, पिवळा तीन, करडा चार, लाल पाच. पण फास घालून आवळला की यातली सुमारे 80 टक्केच क्षमता उरते. म्हणजे वरच्या दोन टनी तुकड्याला पिवळा पट्टा 2.4 टनांचा. कागदावर पुरतो, पण ओल्या झाडाच्या कामात एवढी काठावरची निवड करू नये. करडा किंवा लाल घ्यावा. दोन पट्टे लावल्यास त्यांचा कोन बघावा. आडव्या रेषेशी 60 अंश असेल तर एक टनाच्या भाराला प्रत्येक पट्ट्यावर 0.58 टन येतो; 30 अंशांवर आला की प्रत्येकावर पुरा एक टन. लेबल नसलेला, शिवण उसवलेला पट्टा बाजूला काढावा. कारखान्यात असे साहित्य कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 29 प्रमाणे बारा महिन्यांतून एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून तपासावे लागत असे; 2025 मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. भर रस्त्यावर, लोकांच्या डोक्यावर वापरल्या जाणाऱ्या पट्ट्याला तोच निकष का नसावा?

शेवटचा काप घेण्याआधी क्रेनने हूक घट्ट करून अंदाजे तुकड्याच्या वजनाइतका भार घ्यायचा. कमी घेतला तर तुकडा सुटताच खाली हिसका देतो आणि तो हिसका वजनाच्या कितीतरी पट असतो. जास्त घेतला तर तुकडा वर उसळतो, थेट कापणाऱ्याच्या तोंडाशी. काप पूर्ण झाला की करवतीचा ब्रेक लावून माणूस बाहेर येतो आणि त्यानंतरच ‘हबेस’ची, म्हणजे ‘वर उचल’ची, खूण होते. खूण एकानेच करायची. ‘थांब’ मात्र कोणीही म्हणावे आणि ऑपरेटरने ते मानावे.

विजेबाबत एकच सांगतो. तार मेलेली आहे हे वायरमनकडून लेखी घ्या आणि तारेचे अर्थिंग करून (ती जमिनीशी जोडून) घ्या. सोसायटीच्या जनरेटरमधून उलटा प्रवाह येऊ शकतो. बूम तारेला लागलाच तर ऑपरेटरने केबिनमध्येच बसून राहावे आणि इतरांनी क्रेनला हात लावू नये.

राज्याच्या 1975 च्या वृक्ष कायद्यात झाड तोडण्याच्या परवानगीची बाजू आहे. उचलायचे कसे हे निविदेतच लिहावे लागेल. आमची मागणी एवढीच : क्रेनचे भाडे तासाप्रमाणे आणि क्षमतेप्रमाणे वेगळे द्यावे, म्हणजे ठेकेदार छोट्या यंत्रावर काम रेटणार नाही. प्रत्येक उचलीआधी घेर, वजन, अंतर आणि पट्टा यांचे एक पान भरून कनिष्ठ अभियंत्याने सही करावी. जागेवर प्रशिक्षित खलाशी असावा. रात्री फक्त अडकलेली माणसे सोडवावीत आणि रस्त्याची एक बाजू मोकळी करावी. वाकलेले मुख्य खोड उजेडात कापावे. पुढच्या मान्सूनपूर्व निविदा निघण्याआधी वृक्ष प्राधिकरणांनी या अटी मसुद्यात घालाव्यात.

आपले,
क्रेन-रिगिंग आणि झाडकामातील काही वाचक, पुणे