परवाना आधीपासून खुला होता, काम तुम्ही खुलं केलंत

ताई,

सप्रेम नमस्कार.

आपल्या मराठी शुद्धलेखन तपासनीसाचा कोड पहिल्यापासून जीपीएल या खुल्या परवान्याखाली होता. कुणीही उतरवून घ्यावा, बदलावा. पण पुढे काय करायचं ते आम्ही मंडळी ठाण्यात, नौपाड्यातल्या एका खोलीत ठरवायचो आणि आवृत्ती तयार झाली की बाहेर ठेवायचो. तुम्ही ऐरोलीहून ट्रान्स-हार्बर लोकलने आलात, सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "एखाद्याला हातभार लावायचा असेल तर त्याने सुरुवात कुठून करायची?" पुढचं सगळं त्या प्रश्नामुळे घडलं. त्याचे आभार चारचौघांत मानायला हवेत.

कोडमधला प्रत्येक बदल आम्ही 'गिट' या प्रणालीत नोंदवतो आणि पुसलेली फाइलसुद्धा तिच्या इतिहासात शिल्लक राहते. लोकांनी विश्वासाने तपासायला दिलेला खासगी मजकूर त्यातून बाहेर जाऊ नये, म्हणून तो सगळ्यांसाठी खुला करण्याआधी चाळण्याचं किचकट काम तुम्ही आपणहून अंगावर घेतलंत. हातभार लावणाऱ्यांकडून करारनामा घेण्याऐवजी लिनक्स कर्नलमधली (लिनक्स या खुल्या संगणक प्रणालीच्या गाभ्यातली) २००४ पासूनची पद्धत सुचवलीत: हा कोड देण्याचा मला हक्क आहे, अशी ग्वाही देणारी एक ओळ स्वतःच्या नावानिशी जोडायची. बस्स.

पण खरं ऋण पहिल्या पॅचचं, म्हणजे बाहेरून आलेल्या कोडमधल्या पहिल्या बदलाचं आहे. 'दुसऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो: 'ऱ'चा पाय मोडून, किंवा साध्या 'र'चा पाय मोडून पुढे जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडणारी न दिसणारी खूण टाकून. दिसायला हुबेहूब, पण संगणकाच्या लेखी शब्द दोन, म्हणून एकाखाली उगाच लाल रेघ यायची. कोपरखैरण्याच्या एका विद्यार्थिनीने सगळे जॉइनर काढून टाकणारा पॅच पाठवला. तो आम्हीच दुरुस्त करून मोकळे झालो असतो. तुम्ही अडवलंत आणि तिलाच लिहिलंत, "मग डोंगरातल्या 'दऱ्या'चा 'दर्या', म्हणजे समुद्र होईल, त्याचं काय करूया?" आणि थांबलात. तिने जॉइनर काढण्याऐवजी तिथे 'ऱ' आणण्याचा नियम लिहिला, सोबत चाचण्याही जोडल्या. ऑफिस सांभाळून तुम्ही त्यातली ओळ न् ओळ वाचलीत, प्रत्येक शंकेला मराठीत उत्तर दिलंत. ती टिकली ती त्या उत्तरांमुळे, असं मला ठामपणे वाटतं.

आता चर्चा सगळ्यांसमोर होते. निर्णयाला वेळ लागतो, पण तो का घेतला हे नव्या माणसालाही वाचता येतं. तुमच्याच शिफारशीवरून तिला कोड मर्ज करण्याचे, म्हणजे आलेले बदल मूळ कोडमध्ये मिसळण्याचे अधिकार दिले आहेत. येत्या रविवारी नव्या मुलांचे पॅच तीच तपासणार आहे. तुम्ही याच.

आपला,
ठाण्याच्या चमूतर्फे