सुट्या गोळ्या आणि विहिरी

संपादक महोदय,
पोट बिघडले की दुकानातून दोन-तीन अँटिबायोटिक गोळ्या सुट्या आणायच्या, ही आमच्या मालवणकडची रीत. मीही तेच केले आहे. पण गोळीने साधे जंतू मरतात, दाद न देणारे तगतात. आतड्यातला एरवी निरुपद्रवी ई. कोलाय जंतू प्रतिकाराची जनुके प्लाझ्मिडवरून (डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यावरून) शेजारच्या क्लेबसिएला या दुसऱ्या जंतूलाही देऊन टाकतो, जात वेगळी असूनही! (माणसांना हे जमत नाही.) पुढे शौचखड्ड्यातून जांभ्याच्या भेगांतून तेच जंतू विहिरीत उतरू शकतात. कोंबड्या-कोळंबीसाठी कोलिस्टिन हे अँटिबायोटिक २०१९ मध्ये बंद झाले. एच-१ यादीतल्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या काही औषधांची (त्यांत अँटिबायोटिकही आली) वेगळी नोंदवही दुकानदाराला २०१४ पासून सक्तीची आहे. ती वही तपासायला कोणी येते का?
– एक वाचक, मालवण