उष्माघाताला पॅरासिटामॉल कशाला?

महोदय,

तेंदूपानं तोडून आलेली शेजारची सून मे महिन्यात भर दुपारी अंगणात कोसळली. कातडी कोरडी, अंग भाजत होतं, बडबड असंबद्ध. रुग्णवाहिका लगेच आली, त्याबद्दल तक्रार नाही. पण सोबतच्या पोरानं १०५ ताप पाहून पॅरासिटामॉलची गोळी काढली!

संसर्गाच्या तापात मेंदूच तापमानाची पातळी वर चढवतो, ती ही गोळी उतरवते. उष्माघातात पातळी जागेवरच असते, शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नाही. तिथे गोळी काय करणार? आणि शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घातलं तर ते श्वासनलिकेत जायचं. मी लुगडं भिजवून अंगावर टाकलं, पंखा लावला, काखेत-जांघेत बर्फ ठेवला, मगच तिला हलवू दिलं. वाटेतही बर्फ काढू नका, असं बजावलं.

लघवी वाढवणाऱ्या आणि काही मानसिक आजारांवरच्या गोळ्यांनी उष्माघाताचा धोका वाढतो. म्हणून घरातली औषधांची पिशवी बघायला हवी. ती कुणी मागितलीच नाही.

आरोग्य विभागानं दर मार्चमध्ये रुग्णवाहिकेवरच्या मुलांची उजळणी घ्यावी, आणि विदर्भात तरी गाडीत बर्फाची पेटी द्यावी.

– एक निवृत्त परिचारिका, ब्रह्मपुरी (जि. चंद्रपूर)