बाई, तुम्ही आईशेजारी येऊन बसलात

बाई, सलाम.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही हे मला ठाऊक आहे. शिवाय नाव आलं की दोन्हीकडचे लोक पत्र बाजूला ठेवून त्यातून अर्थ काढत बसतील. तरीही हे पत्र मी सगळ्यांसमोर लिहितेय, कारण आमच्या घराकडं पाठ फिरवली गेली ती चारचौघांत. तुम्ही जे केलंत तेही चारचौघांतच, भर उपासनेत. मग आभार तेवढे कानात का सांगायचे?

बाबा गेले तेव्हा मंडळीतलं, म्हणजे आपल्या चर्चच्या लोकांतलं, भांडण ऐन भरात होतं. ते कशावरून होतं हे उगाळत बसत नाही. हिशेब, जागा, कमिटी. जिथं जिथं मंडळ्या फुटतात तिथं फिरून फिरून हेच ऐकू येतं. बाबा एका बाजूला ठामपणे उभे होते, तुम्ही दुसऱ्या बाजूला तितक्याच ठामपणे. बायकांच्या बाकांतसुद्धा फूट पडली होती. पुढचे बाक यांचे, मागचे त्यांचे. लग्न होऊन आल्यापासून आई खिडकीजवळच्या बाकावर बसत आलेली, ती तिथंच बसत राहिली.

दफनाला माणसं आली, नाही म्हणत नाही. काही जण फाटकापाशीच उभे राहिले आणि माती देऊन झाल्याबरोबर निघून गेले. त्यानंतर दारात कोणी फिरकलं नाही. एका जबाबदार गृहस्थांनी फोन केला, "वातावरण जरा निवळू द्या, मग भेटायला येतो." मी तो निरोप आईला सांगितला. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे कधी?" ज्यांची बाजू घेऊन बाबांनी वाईटपणा पत्करला तेही हळूहळू लांब सरकले, कारण बाबा गेल्यावर आमच्या घरात मत द्यायला उरलं होतं कोण? मंडळीच्या एकीसाठी म्हणून एक खास प्रार्थनासभा घेतली गेली, आणि तिचं बोलावणं निम्म्याच घरांना गेलं. आमच्या घराला नाही गेलं. ज्या घरात नुकतंच माणूस गेलंय त्या घराला वगळून एकीची प्रार्थना करताना कोणाचीच जीभ अडखळली नाही, हे मला आजही बोचतं. वर्षाला एकदा पंडिता रमाबाईंचं नाव आम्ही अभिमानानं घेतो. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या बाईनं, स्वतः विधवा असताना, मध्य प्रांतातल्या अनाथ मुली आणि विधवा केडगावला आणून सांभाळल्या. त्यांचं नाव घेणाऱ्या मंडळीला स्वतःच्या एका विधवेशेजारी बसवत नव्हतं.

आईचा बाक रिकामा होत गेला. पाच जणी आरामात बसतील असा तो जुना सागवानी बाक, आणि त्यावर कडेला एकटी आई. ती मला म्हणाली होती, "आता घरीच प्रार्थना करीन. देव काय, घरीही ऐकतो." आई असं म्हणते म्हणजे आतून काहीतरी तुटलंय हे मला कळत होतं. तिची श्रद्धा पुस्तकात वाचून आलेली नाही. लोकांबरोबर गाऊन, लोकांबरोबर गुडघे टेकून ती आलेली आहे. ते लोकच नाहीसे झाले तर घरातल्या भिंतींकडं बघून ती किती दिवस गाणार होती?

तो प्रभुभोजनाचा, म्हणजे सगळ्यांनी मिळून येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा रविवार होता. मी पुण्याहून आले होते, पण मुलगा किरकिर करत होता म्हणून त्याला घेऊन दाराशी उभी होते, त्यामुळे मला सगळं नीट दिसलं. पहिलं गीत सुरू व्हायला थोडा अवकाश होता. तुम्ही पुढच्या बाकावरून उठलात, पिशवी उचललीत आणि मधल्या वाटेनं चालत मागं आलात. बायकांची कुजबुज थांबली. आईच्या बाकाशी येऊन तुम्ही म्हणालात, "वहिनी, सरका जरा."

आख्खा बाक रिकामा होता, बाई. सरकायची काहीच गरज नव्हती. तुम्ही दुसऱ्या टोकाला बसू शकला असतात, मध्ये जागा ठेवून बसू शकला असतात, तरी लोकांनी वाहवा केली असती. पण तुम्ही आईला सरकायला लावलंत, बाबा असताना सणावारी गर्दी झाली की लावायचात तसं. आई सरकली. तुम्ही खांद्याला खांदा लावून बसलात, चष्मा काढून पुसलात, गीताचं पान काढलंत आणि पुस्तक दोघींच्या मांडीवर अर्धं अर्धं टेकवलंत. आईला ती सगळी गीतं तोंडपाठ आहेत. तुम्हालाही आहेत, आम्हाला तुम्हीच तर शिकवलीत. तरी शेवटच्या कडव्यापर्यंत तुमचं बोट ओळीखालून फिरत होतं आणि आईची नजर त्या बोटावरून हलत नव्हती. तिसऱ्या कडव्याला तिचा आवाज फुटला. बाबा गेल्यापासून मी तो ऐकला नव्हता.

पुढं तुम्ही आमच्यासाठी बरंच केलंत. कागदपत्रं, बँक, दवाखाना, ते सगळं मी धरून आहे. पण माझ्यासाठी सगळ्यात मोठं ते एक वाक्य आणि ते अर्धं पुस्तक.

नंतर तुम्ही घरी आलात तेव्हा आईला सरळ सांगितलंत, "भाऊंचं त्या बाबतीत मला पटलं नव्हतं, आजही पटत नाही." मी चहा गाळत होते, माझा हात थांबला. पण आई म्हणाली, "त्यांनाही तुमचं पटत नव्हतं," आणि मग तुम्ही दोघी बाबांबद्दल तासभर बोलत बसलात. मंडळीतल्या ऐक्याबद्दल मी लहानपणापासून जेवढी प्रवचनं ऐकली त्या सगळ्यांपेक्षा त्या तासात मला जास्त समजलं. आपल्याकडं अशी समजूत आहे की आधी वाद मिटला पाहिजे, कोण बरोबर ते ठरलं पाहिजे, मग एकत्र बसता येतं. तुम्ही वाद तसाच ठेवून आधी येऊन बसलात.

तुम्हीच आम्हाला बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय शिकवला होता, म्हणून धीर करून लिहिते. ते पत्र लिहिणारा पौल तुरुंगात आहे आणि तिथून तो फिलिप्पैच्या मंडळीतल्या दोन बायकांची नावं घेतो, युवदीया आणि सुंतुखे. दोघींचं बिनसलं होतं. पौल दोघींनाही वेगवेगळी विनंती करतो की प्रभूमध्ये एकचित्त व्हा. कोणाचं चुकलं हे तो लिहीत नाही. आणि लगेच एका तिसऱ्या माणसाला, आपल्या खऱ्या सोबत्याला, सांगतो की या दोघींना मदत कर. त्या सोबत्याचं नाव तो देत नाही. हा सोबती कोण असेल यावर विद्वानांनी पुष्कळ तर्क केले आहेत. मला मात्र आता ते पत्र उघडलं की खिडकीजवळचा बाक दिसतो.

आणि कलस्सैकरांस पत्रातलं ते वचन. करुणायुक्त हृदय, ममता, सौम्यता, लीनता, सहनशीलता. तुम्ही ते आमच्याकडून घोकून घेतलंत, एक जरी चुकलं तरी पहिल्यापासून म्हणायला लावलंत. पौल ही सगळी अंगावर धारण करायला सांगतो आणि त्या सर्वांवर प्रीती. आमच्याकडं हे वचन भिंतीवर रंगवलेलं आहे, ठळक अक्षरांत. त्याच भिंतीला टेकून लोक आईची नजर चुकवत होते. करिंथकरांस पत्रातला प्रीतीचा अध्याय प्रत्येक लग्नात वाचला जातो, पण पौलानं तो नवरानवरीसाठी लिहिला नव्हता. गटबाजीनं पोखरलेल्या मंडळीला त्यानं तो लिहिला होता, जिथं प्रभुभोजनाला जमूनसुद्धा एक जण उपाशी राही आणि दुसरा झिंगून जाई. तो अध्याय एखाद्या कमिटीच्या बैठकीत वाचला गेल्याचं मी अजून तरी ऐकलेलं नाही.

बायबलमधल्याच 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातला सहावा अध्याय तर मला आता वेगळाच वाटतो. यरुशलेमेतल्या त्या पहिल्या मंडळीत कुरकुर उठली ती विधवांवरून. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडं रोजच्या वाटणीत दुर्लक्ष होत होतं. तेव्हा प्रेषितांनी "वातावरण निवळू द्या" असं म्हटलं नाही. सगळ्या मंडळीला बोलावलं, सात माणसं निवडायला सांगितली, आणि स्तेफन, फिलिप्प यांच्यासह सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, जबाबदारी त्यांच्याच माणसांच्या हातात दिली. एवढा विश्वास दाखवायला छाती लागते.

बाबा आम्हाला नागपूरची गोष्ट सांगायचे. २९ नोव्हेंबर १९७० ला तिथं सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. कोणी बाळांना बाप्तिस्मा देणारे, कोणी फक्त मोठ्यांना. कोणाकडं बिशप, कोणाकडं नाहीत. वर्षानुवर्षं बोलणी करून ते एका छताखाली आले. बाबांना त्याचं फार अप्रूप होतं. त्याच बाबांच्या बायकोला एका छताखाली एक शेजारीण मिळायला इतका वेळ लागला, हे त्यांनी पाहिलं नाही, बरंच झालं.

आणखी एक सांगायचंय. बाबा गेले त्या रात्री आमच्या घरी पहिलं जेवण आलं ते शेजारच्या वारकरी काकूंकडून, पिठलं-भाकरी आणि ठेचा. त्यांनी ताट ठेवलं, आईच्या पाठीवरून हात फिरवला आणि काही न बोलता भांडी घासायला बसल्या. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्याला 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात जागा होती. त्या काळी कित्येकांना ते रुचलं नव्हतं. त्या रात्री आमच्या मोरीत बसलेल्या काकूंना पाहून टिळकांना काय हवं होतं ते मला कळलं. चांगुलपणा असतोच, बाई, भरपूर असतो. फक्त तो ठरावांत आणि इतिवृत्तांत शोधत बसलं तर सापडत नाही.

भांडण मिटलंय असं मी लिहिणार नाही, कारण ते मिटलेलं नाही. पण परवा आईनं फोनवर सांगितलं की त्या बाकावर आता चौघी बसतात, दोन यांच्यातल्या, दोन त्यांच्यातल्या, आणि उशिरा येणारीला "सरका जरा" म्हणावं लागतं. ती हे सांगताना हसत होती. बुधवारच्या बायकांच्या सभेत तिनं प्रार्थनाही चालवली म्हणे. घरीच प्रार्थना करीन म्हणणारी माझी आई.

कापणीच्या सणाला मी येतेय. आई आपल्या शेतातली बाजरी चर्चला अर्पण म्हणून देणार आहे, ती लिलावात कोणाकडं जाईल ते जाऊ दे. उपासना आणि लिलाव आटोपला की तुम्ही जेवायला आमच्याकडं यायचं. आईनं विचारलं की तुम्ही "बघू" म्हणता, म्हणून हे बोलावणं मी इथं सगळ्यांच्या देखत लिहून ठेवलंय. वारकरी काकूंनाही सांगितलंय, त्या येणार आहेत.

तुमच्या संडे स्कूलची विद्यार्थिनी