खुर्ची सोडायला तयार आहेत हो, घ्यायला कोण येतंय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोसायट्यांच्या ‘खुर्चीला चिकटलेल्या’ पदाधिकाऱ्यांवरचा आपल्या कालच्या अंकातला लेख वाचला. सोबत छापलेला गादीच्या फिरत्या खुर्चीचा फोटोही पाहिला. रत्नागिरी-चिपळूणकडच्या बारा-चौदा सदनिकांच्या कुठल्या सोसायटीत अशी खुर्ची असते, ते लेखकाने कळवावे, बघायला जाऊ. इथे सोसायटीचे ऑफिस म्हणजे सेक्रेटरीच्या घरातल्या शोकेसचा खालचा कप्पा, आणि खुर्ची म्हणजे मीटररूममधला प्लास्टिकचा स्टूल, तोही वायरमनला चढायला ठेवलेला.

‘तरुणांनी पुढे यावे’ असा उपाय लेखाच्या शेवटी आहे. तरुण पुढेच गेलेत, पनवेलच्याही पुढे. बारा दारांतली सहा कुलूपबंद, दोन घरांत भाडेकरू, चार घरी सभासद राहतात, त्यातही दोघांनी सत्तरी ओलांडलेली. आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांत, 100 सभासदांपर्यंतच्या संस्थेला 11 जणांची समिती सांगितली आहे, तिची गणपूर्ती (किमान हजेरी) सहा, आणि सभा महिन्यातून किमान एक. राहते सभासद चार! हे गणित लेखकाने सोडवून दाखवावे. बंद फ्लॅटवाल्याचे नाव समितीत घातले, तर रजा न मागता लागोपाठ तीन मासिक सभांना गैरहजर राहिल्यावर ते आपोआप गळते. म्हणजे कागदावर समिती, प्रत्यक्षात सेक्रेटरी.

वार्षिक सभेचे तेच. 30 सप्टेंबरच्या आत सभा व्हायला हवी. चाकरमानी येणार गणपतीला, म्हणून सभा गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी. नोटीस पूर्ण 14 दिवस आधी जायला हवी, म्हणजे ज्या दिवसांत मखराची पट्टी शोधायची त्या दिवसांत सेक्रेटरी बारा पाकिटांवर पत्ते लिहीत बसतो. सभेची गणपूर्ती दोन तृतीयांश किंवा 20, यांतली कमी असेल ती. बारांत आठ. जमतात पाच, कारण बाकीच्यांना चारची गाडी गाठायची असते. मग सभा तहकूब, आणि त्याच दिवशी उशिराची वेळ नोटिशीत आधीच छापलेली असेल, तर तेव्हा गणपूर्तीची अट राहत नाही. नवा सेक्रेटरी नेमकी हीच ओळ विसरतो आणि सभाच बेकायदा ठरते.

आता तो ‘निवडणुकीचा’ सोहळा. विषयपत्रिकेवर निवडणूक आली की एकाला फोन येतो, एक चहाचे बघायला उठतो, आणि कोणीतरी म्हणतो, ‘काका, तुम्हीच ठेवा हो, तुमच्यासारखं कुणाला जमणार?’ टाळ्या. याला आपल्या लेखात ‘वर्षानुवर्षे बिनविरोध’ म्हटले आहे.

काकांसारखे दुसऱ्याला का जमत नाही, हे एका इमारतीतल्या पंपावरून सांगतो. नाव सांगत नाही, अशा इमारती गल्लोगल्ली आहेत. खाली पार्किंगमध्ये जमिनीतली टाकी, बाजूला मोनोब्लॉक पंप, वर गच्चीवर दोन टाक्या. नगरपरिषदेचे पाणी पहाटे खालच्या टाकीत येते, ते पंपाने वर चढवायचे. पंपाच्या फूटव्हॉल्व्हमध्ये, म्हणजे टाकीत बुडालेल्या सक्शन पाइपाच्या खालच्या टोकाला, बारीक खडी अडकून त्याची झडप पुरती बसत नव्हती. झडप बसली नाही की पंप बंद असताना सक्शन पाइपातले पाणी हळूहळू टाकीत उतरते आणि पंप कोरडा पडतो. म्हणून जुने सेक्रेटरी रोज पहाटे पंपाच्या डोक्यावरचा बोल्ट काढून तांब्याने काठोकाठ पाणी भरत, बोल्ट आवळत, मग स्टार्टर दाबत, आणि मिनिटभरात पाइपात पाण्याचा आवाज आला नाही तर पंप बंद करून पुन्हा भरत. चार वर्षे. कोणाला सांगितले नाही, कारण कोणी विचारले नाही.

मे महिन्यात त्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन निघाले, कारभार दुसऱ्याकडे आला. त्या गृहस्थांनी स्टार्टर दाबला, मोटारीचा आवाज आला, ते चहा प्यायला वर गेले. पंपातले पाणी मोटारीकडे जाऊ न देणारे मेकॅनिकल सील पाण्यावरच थंड राहते. कोरडे चालल्यावर ते जळले. वर्कशॉपला न्यायला नको म्हणून पाणी भरून तोच पंप पुन्हा चालवला. गेलेल्या सीलमधून पाणी शाफ्टवरून मोटारीत उतरले आणि वाइंडिंगही गेले. मग टँकर. मे महिन्यात टँकरवाला देव असतो, तो बोलावला तेव्हा येत नाही. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर डोंबिवलीहून, वाकडहून आणि एकदा मस्कतहून नव्या सेक्रेटरीची हजेरी घेतली गेली. अकराव्या दिवशी त्याने किल्ल्या परत दिल्या. जुने काका डोळ्याला हिरवी पट्टी बांधून पुन्हा तांब्या घेऊन खाली. हे खुर्चीला चिकटणे होय?

फूटव्हॉल्व्ह ही पंपाच्या मानाने किरकोळ किमतीची वस्तू आहे. पाइप वर काढून बसवायला प्लंबरला एक दुपार लागते. शिवाय खालच्या टाकीत पाणी उतरले की पंप बंद करणारा फ्लोट स्विच आणि स्टार्टरला ड्राय रन संरक्षण बसवले, तर पंप कोरडा चालतच नाही. मग चार वर्षे का नाही केले? कारण दर दुरुस्तीला बारा जणांकडून वर्गणी काढायची, आणि सहा जणांचे उत्तर ठरलेले: ‘आमचा फ्लॅट बंद असतो, आम्ही पाणी वापरत नाही.’ फ्लॅटला कुलूप आहे म्हणून सेवाशुल्क माफ होत नाही, ते सर्वांना सारखे असते. पाण्याचे शुल्क नळांच्या संख्येवर असते, नळ उघडला की नाही यावर नाही. बिनभोगवटा शुल्क तेवढे बंद घराला लागत नाही, ते भाड्याने दिलेल्या घराला लागते, सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंत. सेक्रेटरीने हे सांगितले की तो उद्धट. थकबाकीवर सभेच्या ठरावाने व्याज लावता येते, दरसाल 21 टक्क्यांपर्यंत, पण ते लावणारा आणि भरणारा एकाच जिन्याने चढतात. माणूस पावत्या फाडून थकत नाही हो, त्या जिन्यावर थकतो.

उपविधींत याची सोय आहे. सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान 0.25 टक्के सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीची शिल्लक) आणि 0.75 टक्के दुरुस्ती निधी. जागेची किंमत वगळून सदनिकेचा बांधकाम खर्च 10 लाख धरला, तर 2,500 आणि 7,500, मिळून 10,000 रुपये. बारा घरांचे वर्षाला 1,20,000. त्यातले दुरुस्तीचे 90,000 हाताशी असतील, तर फूटव्हॉल्व्हसाठी मस्कतला फोन करावा लागत नाही. लहान सोसायट्यांत हे निधी घेतच नाहीत, ‘महिना पाचशे, सगळं त्यात’ असा हिशेब. मग ज्या उणिवा पैशाने भरायच्या, त्या सेक्रेटरी अंगमेहनतीने भरतो, आणि त्याच्या जागी दुसरा माणूस बसूच शकत नाही.

तेव्हा ‘नवे नेतृत्व’ शोधायच्या आधी काम फोडा. बिले काढणे, बँकेचा मेळ, थकबाकीची यादी, ऑडिटरला कागद पाठवणे हे सगळे डोंबिवलीत बसून होते. त्याला समितीचा सभासद असावे लागत नाही, सही तेवढी इथल्यांची. 31 जुलैच्या आत ऑडिट, 30 सप्टेंबरच्या आत विवरणपत्रे, 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी संरचनात्मक लेखापरीक्षण (इमारतीच्या मजबुतीची तपासणी), या तारखा लक्षात ठेवायला समुद्रकिनारी राहावे लागत नाही. इथल्या माणसाकडे फक्त हात लावायची कामे राहू देत. आगोटीच्या, म्हणजे पावसाच्या तोंडाच्या, आधी गच्चीचा पत्रा धरून ठेवणारे जे-हुक तपासणे (खाऱ्या वाऱ्याने आटे खाल्लेले असतात, वरून रंग मारलेला हुक हाताने पिरगळून बघावा), पन्हाळीतला पाला काढणे, सेप्टिक टँक उपसणे. तो मेमध्येच उपसावा. जूनमध्ये जमीन भिजली की टँकरची चाके रुततात आणि भूजल आत शिरून टाकी आठवड्यात पुन्हा भरलेली दिसते. शेजारच्या तीन इमारतींनी मिळून एक हिशेबनीस आणि एक प्लंबर वर्षाच्या बोलीवर ठेवला, तर कोणालाच जड जात नाही.

आणि किल्ल्या देताना नुसत्या किल्ल्या देऊ नयेत. जुन्या-नव्याने महिनाभर पंप जोडीने चालवावा. कुठला कॉक कुठल्या टाकीचा, ते रंगाने लिहावे. बँकेतल्या सह्या बदलण्याचा ठराव पहिल्याच सभेत करावा. सही अडकली की पंपाचे वीजबिल अडकते, आणि 15 दिवसांच्या नोटिशीनंतर वीज तोडता येते. सभासद नोंदवही, भाग (शेअर) नोंदवही, नामनिर्देशनाचे रजिस्टर आणि इतिवृत्त मोजून, यादीवर सही घेऊन द्यावे. कोणीच उभे राहिले नाही तर सहकार खात्याचे निबंधक कारभार बघायला प्राधिकृत अधिकारी नेमू शकतात. तो तांब्या घेऊन पहाटे खाली येणार नाही, एवढे नक्की.

जाता जाता, आपल्या चौथ्या पानावर भरती-ओहोटीच्या वेळा येत असत. गेल्या पावसाळ्यापासून त्या जागी राशिभविष्य दुप्पट झाले आहे. खाडीकाठच्या इमारतींत मोठ्या पावसात भरती असली की गटाराचे तोंड बंद होते आणि पाणी पार्किंगमधल्या टाकीच्या झाकणाशी येते. गाड्या कधी हलवायच्या आणि पंपाचा मेन स्विच कधी पाडायचा, ते त्या चौकटीवरून ठरवत असू. सिंह राशीला धनलाभ आहे की नाही यावरून ते ठरवता येत नाही. कृपया चौकट पूर्ववत करावी, जूनच्या आत.

कळावे,
सात लहान सोसायट्यांच्या वह्या लिहिणारा एक हिशेबनीस, रत्नागिरी