माईकची पाठ कुणाकडे?

नागपूर
मे अखेर

प्रिय मित्रा,

मृगाच्या आधी येतोयस, हे झकास. पण "तू तुझी गिटार रेकॉर्ड करून पाठव, मी इथं पुण्यात तिच्यावर माझी वाजवतो" हे काही मला पटत नाही बे. त्यात सोय आहे, नाही म्हणत नाही. एकाचा हात चुकला तर तेवढंच पुन्हा वाजवता येतं, दुसऱ्याला त्रास नाही. पण अंतरा संपताना तू जो किंचित रेंगाळतोस आणि तुझ्या हाताकडे पाहून मीही रेंगाळतो, ते क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठोक्यावर, कुठून येणार? एका खोलीत, एकाच वेळी वाजवू. तुझी गिटार माझ्या माईकमध्ये शिरणारच. किती शिरू द्यायची, हे आपण बसतो कसे त्यावर ठरतं.

गिटारवर माईक कुठं रोखायचा, ते सोपं आहे. साउंड होलच्या, म्हणजे पेटीवरच्या गोल भोकाच्या, थेट समोर नको. पेटीतली हवा साधारण 100 हर्ट्झच्या आसपास घुमते आणि खालचे सूर फुगून बसतात. मानेवरच्या बाराव्या फ्रेटसमोर (धातूच्या आडव्या पट्टीसमोर), 25-30 सेंटिमीटरवर ठेवायचा. मग हेडफोन लावून दोन-दोन बोटं सरकवत ऐकायचं. साउंड होलकडे सरकला की आवाज भरतो, पण गढूळ होतो. नटकडे, म्हणजे मानेच्या टोकाकडे, सरकला की तारेवरून घसरणाऱ्या बोटांची चर्र वाढते. तुझ्या अंगठ्याचं नख तारेला लागतं तो टक् जिथं बोचत नाही, तिथं स्टँडचा स्क्रू आवळायचा.

खरी मजा माईकच्या बहिऱ्या बाजूत आहे. कार्डिऑइड जातीचा माईक पाठीमागून बहिरा असतो, पण कुशीकडून, म्हणजे 90 अंशांवर, समोरच्यापेक्षा जेमतेम 6 डेसिबल कमी ऐकतो. म्हणजे आपण नेहमीसारखे शेजारी-शेजारी बसलो तर तू माझ्या माईकमध्ये पाय पसरून बसशील! म्हणून कार्डिऑइड असले की समोरासमोर बसायचं: माईकचं तोंड माझ्याकडे, पाठ तुझ्याकडे. फिगर-एट जातीचे माईक असते तर उलट. ते पुढून-मागून सारखंच ऐकतात आणि दोन्ही कुशींनी जवळपास ठार बहिरे. तेव्हा शेजारी बसून माईकची कूस दुसऱ्याच्या गिटारकडे वळवायची.

आपल्याकडे दोन्ही कार्डिऑइडच आहेत, तेव्हा समोरासमोर. आता गाद्या कुठं लावायच्या? तुला वाटेल, दोघांच्या मधे. छे! माझ्या माईकचं तोंड माझ्याकडे आहे, म्हणजे माझ्यामागच्या भिंतीकडेही आहे. तुझा आवाज त्या भिंतीवर आपटून थेट त्याच्या तोंडात येतो. म्हणून गादी ज्याच्या त्याच्या पाठीमागे उभी करायची. आईच्या कापसाच्या गाद्या आहेतच, जाड आणि जडशीळ.

अंतराचा हिशोब तुला ठाऊकच आहे, तिपटीचा. माझा माईक माझ्या गिटारपासून 30 सेंटिमीटरवर, तर तुझा माझ्या गिटारपासून निदान 90 वर. एवढं सांभाळलं की दोन ट्रॅक एकत्र ऐकताना आवाज पोकळ होत नाही. तरी एकदा मोनोत, म्हणजे दोन्ही ट्रॅक एकात मिसळून, ऐकूच. तिथं बारीक झाला तर खुर्च्या सरकवायच्या, इक्वलायझरला हात लावायचा नाही.

दोन फिगर-एट एकाच जागी, एकमेकांशी काटकोनात ठेवायची ब्लुमलाइन या इंग्रज इंजिनिअरची पद्धत मला फार आवडते. 1931 सालच्या पेटंट अर्जातली कल्पना. दोघं मध्यरेषेपासून 45-45 अंशांवर बसले की प्रत्येक जण एका माईकच्या बरोबर समोर आणि दुसऱ्याच्या बरोबर बहिऱ्या कुशीत येतो. पण ती मागची खोलीही तितकीच ऐकते, आणि माझी खोली ऐकण्यासारखी नाही.

नवतपा, उन्हाळ्यातले ते नऊ कडक दिवस, सुरू आहे, कूलरशिवाय जीव जाऊन राहिला. रेकॉर्डिंगला मात्र तो बंद. त्याची घरघर आणि पाण्याच्या पंपाची गुणगुण दोन्ही पकडली जातात. बंद केला की खोली तापते आणि तारा उतरतात, म्हणून प्रत्येक टेकच्या आधी सूर लावावा लागेल. रात्री 11 नंतर बसू. अजनीकडच्या रेल्वे इंजिनांचा भोंगा तरीही येईल, त्याला इलाज नाही. खालची घरघर कापायला लो-कट फिल्टर लावू, पण 80 हर्ट्झच्या वर न्यायचा नाही. जाड तारेचा मोकळा सूरच 82 वर आहे. गेन, म्हणजे माईकचा आवाज उचलायची पातळी, अशी ठेवू की जोरात वाजवलं तरी काटा उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील.

आणि हे ऐक, दोघांनी एकाच जागी कॉर्ड धरले तर कुठलाही माईक आपल्याला वेगळं काढू शकणार नाही. मी मोकळ्या तारांच्या जी (G) मध्ये राहतो, तू पाचव्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून डी (D) चे आकार धर. सूर तोच, आवाज वरच्या मजल्यावर. मग पॅन थोडंसं केलं, म्हणजे एकाला डावीकडे, दुसऱ्याला उजवीकडे सरकवलं, तरी पुरे.

येण्याच्या दोन-तीन दिवस आधी तारा बदल, अगदी कोऱ्या फार चरचरतात. माझ्याकडे माईकचा एकच स्टँड धड आहे. तुझा उंच, बूमवाला (आडव्या दांड्याचा) घेऊन ये.

तुझाच